मारोतरावांची पोरगी

मारोतरावांच्या मालकीचा एक अख्खा तलाव होता आणि मारोतराव पाणी प्यायचे ते परगावचं.

खांद्याला अडकवलेला फिरकीचा तांब्या हा त्यांच्या अंगाचाच एक भाग होता. रोज सकाळी त्यांचा गडी बैलगाडी जुंपून शेजारच्या रोहणा गावच्या वाटेवरच्या विहिरीवर जाई आणि घागरी भरून आणी. ते पाणी तांब्यात, तांब्या खांद्याला आणि मारोतराव तलावाच्या पाळीवर. समोर टेकडीच्या पायापर्यंत पाणी पसरलेलं असे. काठाला बगळे, मध्ये म्हशी, दगडांवर घागरी भरणाऱ्या बाया. आणि या सगळ्याचा धनी फिरकी उघडून दुसऱ्या गावचं कोमट पाणी घोटाघोटानं पीत उभा.

मी त्या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच आले होते. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झालेली, नवरा-बायकोची नेमणूक एका गावात झाली याचंच आम्हाला केवढं अप्रूप! मी मूळची सांगलीकडची, त्यामुळे वऱ्हाडी बोलणं कानाला गोड लागे, पण निम्मं डोक्यावरून जाई. पाण्याचा संशय घेणं हे मात्र माझं कामच. मी सरळ विचारलं, "मारोतराव, तलावाचं पाणी खराब आहे का?"

ते असे दचकले, जणू मी त्यांच्या घरच्या लेकीबद्दल काही वावगं बोलले.

"खराब? अवं बाई, असं पाणी जिल्ह्यात नाई. पण मले चालत नाई."

"का?"

"पोरीचं लगन व्हाचं आहे ना अजून."

मी त्यांची नाडी बघावी की काय या विचारात पडले. मारोतरावांना पोरबाळ नव्हतं हे मला ठाऊक होतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच उलगडा केला. पोरगी म्हणजे तलाव. त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं, माहेर भंडाऱ्याच्याही पुढे झाडीपट्टीत. तिकडे गावोगाव तलाव. आणि तिकडची रीत अशी की तलाव बांधला की त्याचं लग्न लावायचं. पाण्याच्या मध्ये लाकडाचा खांब रोवायचा, तो नवरदेव. लग्न लागलं की तलाव गावाचा झाला. तोवर तो धन्याच्या घरची कुमारिका.

"अन् लगन होईस्तोवर धन्यानं तिचं पाणी नाई प्याचं. लेकीचं कोणी खाते का?"

"मग गाव कसं पितं?"

"गावाले चालते. गाव काय तिचा बाप आहे?"

 

मारोतरावांचं आर्वीला कापडाचं दुकान होतं. बायको गेल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली करून ते इथे शेतावर येऊन राहिले, पण बोटांतलं दुकान काही सुटलं नव्हतं. कुठलीही वस्तू हाती आली की अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ती चोळून बघायची. पळसाचं पान, केळ्याची साल, माझ्या दवाखान्यातली पट्टी. आणि मग निकाल : "पोत नाई, बाई." वस्तू हातात येण्यासारखी नसली तरी अडत नसे, नुसती बोटं हवेत चोळली जात. सरपंचांच्या भाषणाला पोत नव्हता. आमच्या ह्यांच्या अक्षराला नव्हता. एका वर्षी थंडी उशिरा पडली, तिलाही पोत नव्हता. माझ्या चहाबद्दल त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, "दूध बरं आहे. पोत नाई."

एकदा मी चिडवायला म्हटलं, "आणि तुमच्या तलावाच्या पाण्याचा पोत कसा आहे?"

त्यांची बोटं वर आली आणि तशीच थांबली. "चाखल्याबिगर कसं सांगू? मी काय खोटा दुकानदार आहे?"

दवाखाना बंद केला की संध्याकाळी मीही पाळीवर जाऊ लागले. काळ्या मातीची, वरून मुरूम दाबलेली ती रुंद पाळ. तो तलाव सरकारी नव्हता आणि कुणा मालगुजार जमीनदाराचाही नव्हता. एका कापडवाल्यानं आपल्या शेतातला नाला अडवून तो बांधला होता. तिन्हीसांजेला पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होऊन जाई आणि टेकडी मध्येच तरंगत राही. कापूस वेचून परतणाऱ्या बायांचं बोलणं पाण्यावरून येई, अगदी कानाशी आल्यासारखं, आणि बाया मात्र कुठेच दिसत नसत. मग एकेक पांढरं ओझं अंधूक उजेडातून वर येई आणि पुन्हा विरून जाई. अशा वेळी आपण जागे आहोत का, असा प्रश्न मला पडायचा. बोलके मारोतराव तेव्हा बोलत नसत.  दिवसभर पोरांची रडणी ऐकल्यावर ती शांतता मला फार हवीशी वाटे.

पाळीवरून चालण्याची त्यांची एक तऱ्हा होती. मधोमध एका जागी आले की ते उतारावर उतरत, चार पावलं खालून जात आणि पुन्हा वर चढत. तिथं खड्डा नव्हता, सापाचं बीळ नव्हतं. थोडंसं गवत तेवढं होतं. बाकी पाळीवरचं एकूण एक गवत ते वाकून वाकून उपटत आणि एवढंच जपलेलं. विचारलं की म्हणत, "भुसभुशीत आहे तिथी." मी एकदा त्या जागेवर पाय आपटून पाहिला. दगडासारखी घट्ट. पण मारोतरावांचा चेहरा असा झाला की पुन्हा मी तिथं पाय ठेवला नाही, आणि हळूहळू मीही खालून वळसा घालू लागले.

त्या गावात पाण्याचे हाल होते. तलाव गावापासून लांब. बाया डोक्यावर घागरी घेऊन ज्या वाटेनं येत, ती रिकाम्या हातांनीही दमवणारी होती. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांना मी बजावून सांगे, जड उचलायचं नाही. त्या पदर तोंडाला लावून हसत. "मंग पाणी तुमी आणसान का, बाई?" शेवटी सरपंचांनी एक योजना काढली. पाळीच्या खाली विहीर खणायची, तलावाचं पाणी मातीतून झिरपून तिच्यात येईल, तिथून नळानं गावात न्यायचं. जागा मारोतरावांची, तलाव मारोतरावांचा. ते नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते हसून हो म्हणाले.

"न्या ना! गावासाठीच तं आहे. पण आंधी लगन. कुवारी पोरगी अशीच धाडू का गावात?"

झालं. सगळं गाव वरसंशोधनाला लागलं.

पहिला नवरदेव सागाचा होता. चांगला उंच, सरळ, कुणालाही आवडावा असा. मारोतरावांनी त्याच्याभोवती फेरी घातली, बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावला आणि मान हलवली. "उंच आहे. पण पोटात पोकळ आहे. असे जवाई लय पाह्यले." दुसरा बाभळीचा आला. "कष्टाचा आहे, पण घराणं काट्याचं. उद्या पोरीले बोलणे सोसा लागतीन." तिसरा मोहाचा. तो तर गाडीवरून उतरायच्या आधीच नापास झाला, का तर मोहाच्या घरात दारू शिजते. गाडीवान बिचारे लांबलांबून येत. मारोतराव त्यांना वरपक्षाच्या मानानं बसवून चहा-चिवडा देत, विचारपूस करत आणि हात जोडून नकार देत. सरपंच डोक्याला हात लावून बसत. "काऊन बाप्पा, राजाचा पोरगा पाह्यजे का तुमाले?"

"राजाचा नको. पोत पाह्यजे."

शेवटी हिंगणीकडच्या जंगलातून एक गाडीवान ऐनाच्या झाडाचं खोड घेऊन आला. रंगानं काळपट, अंगानं दणकट आणि कमरेत किंचित वाकलेला. मारोतरावांनी एक डोळा मिटून नेम धरल्यासारखं पाहिलं. "वाकडा आहे."

"थोडासा आहे, मालक."

"काम करून वाकला असता तं मान्य होतं. हा जलमाचा वाकडा."

गाडीवान स्वाभिमानी निघाला. चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "मी आता हे धूड माघारी नेत नाई." त्यानं खोड पाळीवर ढकललं, बैल वळवले आणि धुळीत दिसेनासा झाला. लग्नाचा हंगाम तसाच गेला. पाऊस येऊन गेला, हिवाळा येऊन गेला. ते खोड पाळीवरच पडून राहिलं आणि बसायला बरं म्हणून मारोतराव रोज संध्याकाळी त्याच्यावर बसू लागले. मीही बसे. त्याचा तो बाक पाठीला छान आधार देई.

पुढच्या चैत्रात तलावाचं पाणी खाली गेलं आणि सरपंचांनी पुन्हा गाडीवानांना निरोप धाडायला घेतले. त्या संध्याकाळी मी मारोतरावांना म्हटलं, "जरा उठा बघू."

"काऊन?"

"जावयाच्या मांडीवर बसलाय."

ते खरंच घाईनं उठले. मी म्हटलं, "सबंध पावसाळा हा इथे भिजला, उन्हात तापला. ना चीर पडली, ना वाळवी शिवली. रोज तुमचं वजन सोसतोय आणि कुरकुर नाही. आता तुम्हीच बघा पोत."

मारोतरावांनी खाली वाकून खोडावर हात ठेवला. बोटं चोळली नाहीत, नुसता तळवा ठेवला. मग म्हणाले, "जवाई चांगला आहे, बाई."

"मग अडलंय कुठे?"

पाण्याकडे बघतच ते कौसल्याबाईंबद्दल बोलू लागले. "आर्वीले आली तवा रोज रडे ती. म्हणे, तुमच्याकडे पाणी दिसतच नाई, विहिरीच्या बुडाशी लपून राह्यते. पाण्याबिगर मले झोप येत नाई, म्हणे. म्हणून हा बांधला. पहिलं टोपलं तिनं टाकलं." त्यांनी न बघताच हात केला, तो त्या गवताच्या जागेकडे. "तिथी. मीच पाय जपून ठेव म्हटलं, घसरशीन. तं हासली. पहिल्या पावसात तलाव भरला अन् ती आजारी पडली. इथीच, या शेतावर. उठवत नाई, तरी खाटेवरून पाणी पाहे. एक दिवस मी वाटी भरून नेली. म्हटलं, कौसे, घे. तं म्हणे, अजून लगन कुठी झालं? चैतात लावू, मंग दोघं मिळून पिऊ. वाटी तशीच माघारी आणली मी. चैत काही पाह्यला नाई तिनं."

मी त्या गवताकडे बघितलं. 

"आता भटजी म्हणते, कन्यादानाले जोडपं पाह्यजे. तुमी अन् मास्तर बसान, मले माहीत आहे. पण मंग तिची जागा गेली ना, बाई. अन् लगन झालं तं पाणी प्या लागन. तिनं नाई पेलं. मी कसा पिऊ?"

माझा जीव कळवळला, तरी मी म्हटलं, "मारोतराव, 'नको' नव्हत्या म्हणाल्या त्या. 'अजून' म्हणाल्या. म्हणजे लग्न व्हावं हे त्यांच्या मनात होतंच. आणि आम्ही कशाला बसू कन्यादानाला? तुमचं जोडपं आहे की इथे. तुम्ही त्या गवताजवळ बसा आणि गवतात त्यांच्या नावाची एक सुपारी ठेवा."

वैशाखात गोरजावर लग्न लागलं. भटजींनी सुपारीला आधी नाक मुरडलं, मग मारोतरावांकडे एकदा बघितलं आणि शेला सावरून मुकाट्यानं मंत्र सुरू केले. पाळीवर मांडव उभा राहिला. ऐनाच्या खोडाला हळद लागली, बाशिंग चढलं. इतक्या रुबाबदार नवरदेवाला वाकडा म्हणायची आता कुणाची हिंमत नव्हती. गड्यांनी त्याला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन उभा केला. अंतरपाट धरायला आमचे हे गुडघाभर पाण्यात उभे होते, त्यांना मंगलाष्टकं चालू असताना एक मासा चावला आणि 'सावधान'च्या आधीच त्यांनी अंतरपाट सोडला. बाया हसू लागल्या. अक्षता पाण्यावर पडल्या, त्या गोळा करायला शेकडो मासे वर आले आणि सगळं पाणी शहारल्यासारखं हललं. तेवढ्यात सूर्य टेकडीआड गेला. पिवळं पाणी, पिवळं आभाळ आणि मध्ये आपल्या सावलीवर किंचित झुकून उभा असलेला तो काळा जावई. मारोतराव गवताशेजारी बसून पाळीवरूनच हातातलं उदक सोडत होते. आपण हे सगळं स्वप्नात बघत नाही ना, म्हणून मी शेजारच्या बाईचा हात धरून ठेवला.

लग्न लागल्यावर मी पहिली वाटी भरून त्यांच्यापुढे धरली. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. मारोतरावांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"आता तं मुळीच नाई, बाई. आता ते लेकीचं सासर झालं. नातवंडं होईस्तोवर बाप लेकीच्या घरचं पाणी पेते का कधी?"

सरपंच मटकन खालीच बसले. भटजींनी शास्त्रार्थ लावून पाहिला, पण रीत खरी होती, सगळ्यांच्या घरात पाळली जात होती.  मला तेवढं कळलं की मारोतरावांना एक नवं निमित्त मिळालं, आणि आता ते जन्मभर पुरणार. खोडाला कुठली पोरं व्हायला? दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी रोहण्याच्या वाटेला लागली. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी दया येत होती की दोन दिवस मी पाळीवर गेलेच नाही.

गावाचं काम मात्र सुरू झालं. दिवाळी झाली आणि पाळीखाली विहीर खणायला घेतली. माती लागली, मुरूम लागला, मग खडक लागला आणि तिथेच गाडं अडलं. सुरुंग लावले, तरी कोरडं. लोक म्हणू लागले, एवढा तलाव उशाशी आणि खाली थेंब नाही. मारोतराव रोज विहिरीच्या काठाशी येऊन वाकून बघत आणि निघून जात.

माघातल्या एका सकाळी मी पट्ट्या उकळत होते, तेवढ्यात एक बाई धावत आली. नेहमीसारखे कुणाचे तरी दिवस भरले असतील म्हणून मी पिशवी उचलली. ती म्हणाली, "पिशवी राहू द्या, बाई. विहिरीले झरा फुटला!" मी जाऊन पाहिलं. तलावाच्या बाजूच्या कपारीतून मनगटाएवढी धार येत होती, गढूळ, लुकलुकती, चांगला आवाज करत. काठावरच्या बाया बोटांवर वैशाखापासून महिने मोजत होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. सरपंच म्हणाले, "मारोतरावाले सांगा लागन." मी म्हटलं, "मी सांगते. असली बातमी सांगणं माझं काम आहे."

मारोतराव अंगणात तांब्याची फिरकी लावत होते. मी दारातूनच म्हटलं, "मारोतराव, तोंड गोड करा. नात झाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या पायांना लागलेला ओला चिखल त्यांनी पाहिला. मला वाटलं, आता काही तरी नवी रीत काढतील. पण त्यांनी विचारलं ते एवढंच :

"बाळंतीण कशी आहे?"

"छान आहे. सकाळचं ऊन खात पडलीय."

त्यांनी काळा कोट घातला, टोपी नीट केली. तांब्याची फिरकी काढून रोहण्याचं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. पाणी निवळायला संध्याकाळ झाली. तोवर ते विहिरीपाशी बसून होते, सगळ्यांना साखर वाटत. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला आणि पाळ चढले. मी मागोमाग होते. त्या जागेपाशी आल्यावर मी सवयीनं खाली उतरले. मारोतराव उतरले नाहीत. तिथेच गवतात मांडी घालून बसले. पाण्यात जावई उभा होता आणि त्याच्या डोक्यावर एक बगळा.

"कौसे," ते हळूच म्हणाले, "घे वं. तुह्या लेकीच्या घरचं आहे."

अर्धा तांब्या त्यांनी गवतावर ओतला. तो मातीत जिरेपर्यंत थांबले, घाई केली नाही. मग उरलेला तोंडाला लावला आणि थेंबही न सांडता संपवला. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, तेव्हा त्यांनी ते तसेच राहू दिले. मी उतारावर उभी राहून वाट बघत होते.

तांब्या खाली ठेवल्यावर त्यांची दोन बोटं वर आली आणि एकमेकांवर अलगद चोळली गेली.

"पोत आहे, बाई," मारोतराव म्हणाले.